आमच्या मेहुण्याची छाती

माझ्या मेहुण्याइतका शूर माणूस लालबाग-परळच्या पट्ट्यात दुसरा नाही, आणि त्याच्याइतका भित्राही नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यांच्या चाळीच्या पाण्याच्या टाकीत एकदा धामण निघाली. सगळी चाळ गॅलरीत उभी राहून 'सर्पमित्राला फोन करा, सर्पमित्राला फोन करा' म्हणून कालवा करत होती, आणि फोन मात्र कुणीच करत नव्हतं. हा पठ्ठ्या पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ टाकीत उतरला, धामण धरली, गोणपाटात घातली आणि वर आला. पण उतरताना अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला फुल शर्ट होता, तो भिजून अंगाला चिकटला. तेव्हा ह्या माणसाने काय करावं? ते वळवळणारं गोणपाट दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि तसाच चाळभर चालत गेला. जिवंत साप छातीशी कवटाळून कुणी का चालेल, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. त्याला सापाची भीती नव्हती, ओल्या शर्टाची होती.

कारण म्हटलं तर अगदी क्षुल्लक. त्याची छाती थोडी पुढे आलेली आहे. थोडी म्हणजे खरंच थोडी. दोन्ही बाजूंना जरा मऊ, जरा गोल, इतकंच. मुद्दाम सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि सांगितलं तरी 'कुठे?' असं विचारावं लागेल. पण आठवीत असताना शाळेच्या कबड्डीच्या संघात कुणा टवाळ पोराने त्याला त्यावरून एका मुलीचं नाव ठेवलं, आणि ते नाव वर्षभर पटांगणात घुमलं. त्याने कबड्डी सोडली. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. दादरच्या चौपाटीवर आम्ही दोघं कठड्यावर बसलो होतो, आणि तो माझ्याकडे पाठ करून समुद्राला सांगावं तसं सांगत होता. शेवटी म्हणाला, "भाऊजी, तुम्ही बाहेरचे म्हणून बोललो. घरात कुणाला कळता कामा नये." त्यांच्या घरात जावई होऊन मला आठ वर्षं झाली होती. बाहेरचे! पण म्हटलं जाऊ दे, पोरगं कधी नव्हे ते बोललंय.

त्या दिवसापासून त्याच्या छातीची काळजी त्याला जितकी, तितकीच मला. तोपर्यंत साध्या वाटलेल्या त्याच्या सवयी मला एकेक करून उलगडायला लागल्या आणि प्रत्येक उलगड्यागणिक माझा जीव खालीवर व्हायला लागला. त्याच्या शर्टांना दोन्ही बाजूंना खिसे असतात, झाकणाचे. दादरचा त्याचा शिंपी त्याला पोलिसात आहे असं समजतो. एका खिशात डायरी, दुसऱ्यात चष्म्याची डबी, जरी डोळे ठणठणीत असले तरी. आत दोन गंज्या, त्याही एक नंबर लहान. मे महिन्यात आम्ही सगळे पंख्याखाली अंग टाकून पडलेले असताना हा दोन गंज्या आणि जाड चौकड्यांचा शर्ट घालून बसतो आणि वर 'आज हवा बरी आहे' म्हणतो. ऑफिसची बॅग पाठीला लावायची असते, हा पोटाशी लावतो. बस सुटत असली तरी धावत नाही, कारण धावलं की हलतं. परळच्या ज्या उंच इमारतीत त्याचं ऑफिस आहे, तिथल्या साहेबाने त्याच्या वार्षिक अहवालात 'मीटिंगमध्ये हाताची घडी घालून बसतो, सहकाऱ्यांविषयी तुच्छता दिसते' असा शेरा मारला. बिचारा. तुच्छता सोडाच, त्या घडीच्या आत काय काळजी दडलेली असायची ते मला विचारा.

आणि धुळवड. धुळवडीला चाळीतली पोरं कुणाला सोडत नाहीत, ओढून पाण्याच्या पिंपात बुचकळतात. हा चार वर्षं लागोपाठ धुळवडीला आजारी पडला आणि चारही वेळा कावीळ झाल्याचं सांगितलं. माझ्या सासूबाई दरवर्षी फाल्गुन लागला की उसाचा रस आणि मुळ्याचा पाला आणून ठेवायला लागल्या. शेजारच्या आजोबांनी तर काविळीवर मंत्र घालणारा माणूस थेट मालवणहून बोलावला. तो आला, ह्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, कावीळ उतरलेली आहे. सगळे म्हणाले, काय गुण आहे बघा हाताला. नुसती 'छाती' म्हटली तरी हा दचकायचा. कुणी म्हणालं की 'मी छातीठोक सांगतो', की ह्याचा हात आपोआप खिशाच्या झाकणावर. आपल्या भाषेत छातीवाचून माणसाचं पानच हलत नाही, हे तोपर्यंत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

एवढं सगळं असूनही तेहतिसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. मुलगी प्रभादेवीची, शाळेत चित्रकला शिकवणारी, कमी बोलणारी आणि जे बोलेल ते मोजकं बोलणारी. दोघं एकमेकांना मनापासून आवडली होती, ते बघणाऱ्यालाही कळत होतं. साखरपुडा झाला, मार्गशीर्षातला मुहूर्त काढला, आणि तीन आठवडे उरलेले असताना ह्याने ऑफिसात मोठं काम आल्याचं सांगून लग्न पुढे ढकललं. मुलीच्या वडिलांनी तोंड वाकडं केलं. मला एकट्याला ठाऊक होतं की ऑफिसात काम-बिम काही नाही. लग्नाला त्याची ना नव्हतीच. त्याने धसका घेतला होता तो हळदीचा.

ज्यांनी गिरणगावातली हळद पाहिली नाही त्यांना त्याचं दुःख कळणार नाही. आमच्या गिरगावात हळद म्हणजे पाच बायका, आंब्याची पानं आणि बोटाएवढी हळद, दहा मिनिटांत आटोपतं. लालबागला तसं नाही. चाळीच्या पटांगणात मांडव, मांडवात बेंजो, बेंजोसमोर पाट, आणि पाटावर नवरा, उघडा. सुवासिनींचं झालं की मग वहिन्या, मावश्या, आत्या, मागच्या चाळीतल्या, पुढच्या चाळीतल्या, दोन्ही हातांनी. पाठ, दंड, छाती, काही शिल्लक ठेवायचं नाही. वर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आणि हे टाळता येत नाही, कारण नवऱ्याच्या अंगाला लागलेली तीच उष्टी हळद पुढे नवरीकडे जाते. ती पोचल्याशिवाय तिची हळद सुरू होत नाही. "म्हणजे बघा भाऊजी," तो मला म्हणाला, "मी उघडा बसलो नाही तर तिचं लग्नच लागत नाही." त्या कबड्डीतले दोघेतिघे अजून त्याच चाळीत राहतात, हेही त्याने सांगितलं. हॉलमध्ये हळद करू, म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, बापाची हळद ह्याच पटांगणात झाली होती, पोराची दुसरीकडे होणार नाही. विषय संपला.

नवा मुहूर्त वैशाखातला निघाला. जानेवारीत हा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "अजून एक सहा महिने ढकलता येतील का?" मला असा संताप आला म्हणून सांगू. पण त्याच आठवड्यात त्या मुलीने माझ्या बायकोला भेटून सांगितलं होतं की ताई, एकदा पुढे गेलं ते मी समजून घेतलं. आता गेलं तर मी त्याला मनातून नको आहे असंच धरीन, आणि वाट बघणार नाही. तिने आवाजही चढवला नव्हता. बायको मला म्हणाली, ही बोलली ते करणारच. मी ते जसंच्या तसं त्याला ऐकवलं. तो नखं बघायला लागला. मग म्हणाला, "चार महिने आहेत. तेवढ्यात बसवतो छाती." जणू ती गळकी तोटी होती.

मग सुरू झाला व्यायाम. मीच त्याला लालबागच्या एका जुन्या व्यायामशाळेत घेऊन गेलो, आणि ती चूक माझी, हे मी आजही कबूल करतो. तिथले वस्ताद पंचाहत्तरीचे, लंगोटावर टेबलामागे बसलेले. त्यांनी ह्याला वरखाली बघितलं आणि काहीही न विचारता 'जोर काढ' म्हणून सांगितलं. त्या शाळेत सर्दी झाली तरी जोरच काढायला लावतात. ह्याने कारण सांगितलं नाही, मी सांगायला तोंड उघडलं तर ह्याने माझा पाय दाबला. पहिल्या दिवशी वीस जोर, महिन्याने शंभर, दीड महिन्याने दोनशे. शर्ट घालूनच, हे वेगळं सांगायला नको. दर रविवारी तो आमच्याकडे यायचा, आम्ही आतल्या खोलीत जाऊन कडी लावायचो, आणि मी शिवणाच्या टेपने त्याची छाती मोजायचो. बाहेर बायको भांडी आपटत असायची. तिची खात्री झाली होती की आम्ही दोघं चाळीतल्या खोलीच्या कागदपत्रांवरून काहीतरी शिजवतोय. पहिल्या रविवारी अडतीस इंच भरली. चौथ्या रविवारी साडेअडतीस. मला वाटलं टेप सैल धरली. सातव्या रविवारी पुरी चाळीस. मी टेप उलटी धरून पुन्हा मोजलं, तरी चाळीसच. दोनशे जोरांनी खालचे स्नायू भक्कम झाले होते आणि वरचं जे काही होतं ते त्यांनी आणखी पुढे ढकललं होतं. त्याच सुमाराला वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारून इतर पोरांना सांगितलं, ह्याला म्हणतात छाती, शिका काहीतरी. तो त्या दिवशी घरी चालत न जाता टॅक्सीने गेला, बॅग पोटाशी धरून.

जोर बंद झाले आणि उपास सुरू झाले. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने दूध सोडलं, मग सोयाबीन सोडलं, जे त्यांच्या घरात कधी आलंच नव्हतं. मग भात सोडला. मालवणी माणसाने भात सोडला म्हणजे घरात कुणी गेल्यासारखं वातावरण होतं. सासूबाई बांगड्याचं तिखलं करून समोर ठेवायच्या आणि हा नुसती काकडी खायचा. त्या एरवी भिडस्त, कुणाला एक शब्द विचारणार नाहीत. सासरे गेल्यावर तर त्यांनी घरात आवाजच कमी करून टाकला होता. पण एके दिवशी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "जावयबापू, ह्येका लग्न नको आसा काय? जेवक नको म्हणता." मी काय सांगणार? शब्द दिलेला. मी 'पित्त असेल' म्हणालो. त्या मान हलवून गेल्या, आणि मला माझीच लाज वाटली.

शेवटी मी त्याला धरून परळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शर्टाची बटणं सोडायला त्याने जो वेळ लावला तेवढ्यात बाहेरचे दोन पेशंट कंटाळून निघून गेले. बाईंनी नीट तपासलं, औषधं काय घेतोस विचारलं, गाठ-बिठ काही नाही म्हणाल्या. पुष्कळ पुरुषांना असतं आणि बहुतेकांना वयात येतानाच सुरू होतं, हेही सांगितलं. 'पुष्कळ' हा शब्द ऐकून तो असा चमकला की बाईंना वाटलं त्यांचा हात गार लागला. एका जागेची चरबी व्यायामाने जात नाही, जायची ती सगळ्या अंगाची जाते, म्हणून पळ, नीट जेव आणि पाठीचे-खांद्यांचे व्यायाम कर. बरंचसं सुधारेल, थोडं राहील. "राहील ते राहू दे," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. जिन्यावर तो मला म्हणाला, "भाऊजी, थोडं म्हणजे किती?" मी म्हटलं, थोडं म्हणजे थोडं. तो म्हणाला, तरी पण. परळ नाक्यापर्यंत आमचं हेच चाललं होतं.

मग मनाचा हिय्या करून आम्ही पुन्हा वस्तादांपुढे उभे राहिलो, आणि ह्या वेळी मी पाय आधीच लांब ठेवला. सगळं ऐकून वस्ताद म्हणाले, "साठ वर्षांत छाती कमी करायला आलेला तू पहिला. आधी बोलायचं ना." ते स्वतः नेहमीप्रमाणे उघडेच बसले होते, त्यांची छाती वयामुळे पार पोटाच्या भेटीला आली होती आणि ते तिच्यावर पंख्याचा वारा घेत होते. त्यांनी जोर कमी केले, दोरावर चढायला लावलं, सिंगलबारला लटकायला लावलं, आणि रोज दहा मिनिटं भिंतीला टाच, पाठ आणि डोकं लावून नुसतं उभं केलं. वाकून चालतोस म्हणून जास्त दिसते, असं त्यांचं मत होतं. सकाळी मैदानावर पळायला सांगितलं. पहिले आठ दिवस तो अंधारात पळला, नवव्या दिवशी उशीर झाला म्हणून उजेडात पळला, आणि कुणी बघितलं नाही ह्याचंच त्याला नवल वाटलं.

वैशाख येईपर्यंत खरंच फरक पडला. साडेसदतीसवर आली, त्याहून मोठं म्हणजे खांदे उघडले, मान वर आली. रविवारी आरशासमोर उभं राहून मी त्याला शंभरदा सांगितलं की आता काही दिसत नाही. तो पुढून बघायचा, मग डावीकडून, मग उजवीकडून, आणि उजवीकडून बघताना दरवेळी श्वास रोखायचा. म्हणायचा, "ह्या बाजूने आहे अजून." होतंही. अगदी थोडं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी आमचा करार झाला: हळद लागून झाली रे झाली की मी तत्क्षणी पंचा टाकायचा. मी नवाकोरा पंचा विकत आणला. त्या रात्री मला झोप नाही; बायको म्हणाली, लग्न तुमचं आहे की त्याचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मांडव भरला. बेंजोवाल्यांनी रंग धरला होता. हा पाटावर बसला तो धोतर नेसून, आणि वर गंजी, एकच, पण होती. मी मागे पंचा घेऊन उभा. सुवासिनींच्या पुढे त्याची थोरली काकी, सगळ्या चाळीवर जिचा दरारा. तिने आंब्याचं पान हळदीत बुडवलं, ह्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गंजी काढ रे. गंजीक हळद लावूची काय?" हा म्हणाला, सर्दी झालीय. वैशाखात. बायका हसल्या. कुणीतरी वरून म्हणालं, अरे नवरी कोण, हा की ती? ते नेमकं त्या कबड्डीवाल्यांपैकी एकाने म्हटलं होतं. ह्याचे कान लाल झाले. काकीने पुन्हा सांगितलं, तिकडे प्रभादेवीला माणसं ताटकळलीत. हा हलेना. काकीने हात पुढे केला तसा हा पाटावरून उठून उभाच राहिला. बेंजो थांबला. मला कळून चुकलं की आता हा जिना चढून खोलीत जाणार, आतून कडी लावणार, आणि सगळं संपणार. त्या मुलीचं बोलणं माझ्या कानात वाजायला लागलं.

कुणाच्याच नजरेला नजर द्यायची नाही म्हणून त्याने मान वर केली. पहिल्या मजल्यावर, त्यांच्या खोलीसमोर कठड्याशी, सासूबाई उभ्या होत्या. हळद त्यांनीच दळून आणली होती, वाट्या त्यांनीच भरल्या होत्या, पण विधवेने खाली यायचं नाही म्हणून त्या वरून बघत होत्या. त्याने वर बघितलं तेव्हा त्यांना वाटलं, आपण इथे उभ्या आहोत म्हणूनच पोरगा अवघडलाय. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मागे सरकल्या आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. हे आम्ही दोघांनीच बघितलं, त्याने आणि मी.

त्याने त्या लोटलेल्या दाराकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी गंजी डोक्यावरून काढली आणि पाटावर टाकली. कुणाला काही कळायच्या आत त्याने काकीच्या हातातली हळदीची वाटी घेतली आणि चालायला लागला. सगळ्या मांडवातून, बायकांच्या घोळक्यातून, त्या तिन्ही गॅलऱ्यांतल्या मोबाईलांच्या समोरून, उघडा. हात बांधलेले नाहीत, खांदे वाकलेले नाहीत. लाकडी जिना चढला, पहिल्या मजल्यावरच्या सगळ्या उघड्या दारांवरून गेला. मी पंचा घेऊन त्याच्या मागे धावत होतो आणि त्याला पंचा नको होता. त्याने दार ढकललं आणि आत जाऊन आईच्या पायांशी जमिनीवर मांडी घालून बसला. वाटी तिच्या पुढ्यात ठेवली. म्हणाला, "आई, पहिली तुझी."

सासूबाई नको नको म्हणत होत्या, अपशकुन होईल म्हणत होत्या, दाराकडे बघत होत्या. दारात तोवर काकी येऊन पोचली होती, धापा टाकत. मला वाटलं आता महाभारत. काकीने आत बघितलं, ह्याच्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. एवढी जहांबाज बाई, पण तिचे डोळे भरून आले. "लाव गे," ती म्हणाली, "खाली माणसां खोळंबलीत." तेव्हा सासूबाईंनी बोटांवर हळद घेतली. कपाळाला लावली, दंडाला लावली, आणि मग पूर्ण तळवा उघडून त्याच्या छातीवर ठेवला. तो तसाच ठेवून राहिल्या. तो श्वास रोखून नव्हता. मी बघत होतो ना. मला तिथे उभं राहवेना, मी गॅलरीत येऊन त्या पंच्याने माझेच डोळे पुसले.

पुढे मग खाली त्याला बायकांनी असं माखलं की छाती कुठे आणि पाठ कुठे हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. उष्टी हळद वेळेत प्रभादेवीला पोचली, संध्याकाळी लग्न लागलं. सासूबाईंनी त्या दिवशी लग्नाला निघेपर्यंत हात धुतला नाही. दुपारी डाव्या हाताने चमच्याने जेवल्या. मी शेजारी बसलो होतो. मला म्हणाल्या, "तेरा वर्षांचो झालो तसो दिवाळीक तेल लावूक माझ्याकडे बसलो नाय. दार लावन एकटोच आंघोळ करी. वीस वर्षां. माका वाटलां, माझोच कसलो तरी राग इलो हा ह्येका."

त्या एवढ्याशा खोलीत मायलेक वीस वर्षं समोरासमोर जेवत होते, आणि तो जे चाळीपासून लपवत होता त्याचा घाव हिला बसत होता, हे त्याला कळलं नाही आणि मलाही, एवढा गुपित जपणारा मी, कळलं नाही. पूजा आणि नवरीच्या माहेरची परतवणी आटोपल्यावर एका रविवारी मी त्याला ते जसंच्या तसं सांगितलं. तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

त्या वर्षी नरकचतुर्दशीला तो पहाटे स्वतःच पाट मांडून, उघडा होऊन आईपुढे बसला. सासूबाईंनी वाटीतलं तेल कोमट केलं आणि त्याच्या अंगाला चोळलं, पाठीला, खांद्यांना, छातीला, अगदी सावकाश, मध्ये मध्ये थांबत. त्याची बायको आंघोळीचं पाणी दोनदा गार झालं म्हणून पुन्हा तापवत होती. सासूबाईंना अशा दिवाळ्या तीन मिळाल्या.